मोराल फर्स्ट क्लास

नायब सुभेदारीची फीत खांद्यावर चढून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मला ती पोस्ट मिळाली. उत्तर सीमेवर, बारा हजार फुटांच्या थोडं वर. एकवीस जवान आणि बाविसावा मी, पोस्ट कमांडर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चार्ज घेतला. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत खालचा रस्ता बंद, म्हणून रेशन, केरोसीन, औषधं, सगळं त्याआधीच वर चढवलं. पोस्टचं नाव लिहीत नाही. पलटणीचंही नाही. चूक पलटणीची नव्हती.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी पारनेर तालुक्यातला. सुभेदार होऊन निवृत्त झालो. आता एका साखर कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आली की जवळपासच्या शाळा-कॉलेजं मला भाषणाला बोलावतात. विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो : सैनिकाचं मनोबल. मी बोलतो. टाळ्या होतात. नारळ-शाल घेऊन घरी येतो आणि दोन दिवस बायकोशी धड बोलत नाही. तिनं कारण विचारणं केव्हाच सोडलं. या वर्षी मी भाषणाला नाही म्हणालो. त्याऐवजी हे लिहितो आहे.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. पहाटे ५.०० स्टँड-टू, म्हणजे प्रत्येक जण हत्यार घेऊन आपापल्या खंदकात. ७.०० फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. मग बर्फ उपसणं, बर्फ वितळवून पाणी करणं, हत्यारांची सफाई. एक दिवसाआड लिंक पेट्रोल. आमच्या पोस्टपासून खालच्या पोस्टकडे तीन जणांची गस्त जायची, खालून त्यांची यायची, मध्ये भेट व्हायची. टपाल, बॅटऱ्या, औषधं यांची अदलाबदल करून परत. पोस्टा एकमेकींपासून तुटू नयेत म्हणून हे.

संध्याकाळी १८.०० वाजता रेडिओवर सिट-रेप, म्हणजे दिवसाचा अहवाल. कंपनीच्या चारही पोस्टा एकाच नेटवर, त्यामुळे एकानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. नेटवर आमची पोस्ट म्हणजे डेल्टा टू. नफरी म्हणजे हजर माणसं, दारूगोळा, रेशन, केरोसीन, आजारी, हवामान. शेवटचा मुद्दा मोराल, म्हणजे मनोबल. त्यावर प्रत्येक पोस्टनं म्हणायचं, ‘मोराल फर्स्ट क्लास, ओव्हर.’ माझ्या अख्ख्या नोकरीत मी या मुद्द्यावर दुसरं उत्तर एकदाच ऐकलं. ते माझ्या पोस्टवरून गेलं.

ते देणारा नायक संपत नरवडे. पाथर्डी तालुक्यातला, तिसगावचा. वय चौतीस. भरती होण्याआधी तीन-चार वर्षं विहिरी खोदायच्या टोळीत होता. अंगानं बारीक, बोलायला मोकळा. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, भाकरी थापायला बसला की त्याच्या गोष्टी ऐकायला जवान उगाच गर्दी करायचे. माझा जिल्हेवाला म्हणून मला तो जवळचा वाटायचा. मी पारनेरचा म्हणून तो चिडवायचा, “साहेब, तुमच्याकडं पानी न्हाई, आमच्याकडं बी न्हाई, पन आमी निदान खोदून तरी बघतो.”

लिंक पेट्रोलच्या वाटेवर एक नाला होता. नाल्याच्या वर उघडा उतार, साधारण दीडशे पावलांचा. जवान त्याला घसरगुंडी म्हणत. थंडीत त्या उतारावरून आडवं जावं लागायचं. नियम असा, की सूर्य उतारावर यायच्या आत पार करायचा, एका वेळी एकच जण उतारावर, बाकीचे कडेला थांबणार.

ऑक्टोबर संपता संपता संपत मला घेऊन तिथे गेला. बर्फ अजून पडला नव्हता. त्यानं काठीनं उताराची वरची बाजू दाखवली.

“साहेब, हे बघा. वरनं माती सुटलीय. खाली गवत हाय, गुळगुळीत. ह्याच्यावर बर्फ बसला की त्यो धरनार न्हाई. विहिरीची कड अशी दिसली की आमी आत मानूस सोडत नव्हतो.”

“मग काय म्हणतोस?”

“तिकडच्या सोंडेवरनं जाऊ. दोन ठिकानी दोर लावावा लागंल. येळ जास्त लागंल, पन लई बिनधोक.”

“किती वेळ?”

“जाता-येता दोन-अडीच तास.”

मी म्हणालो, बघू. दोर मागवायला हवा होता. रस्ता अजून उघडा होता, मागवला असता तर आठ दिवसांत आला असता. मी मागवला नाही. आधीच्या पलटणीनं दोन हिवाळे तोच उतार वापरला होता. नवा पोस्ट कमांडर आल्या आल्या रस्ता बदलायची परवानगी मागतो, हे मला बरं वाटेना. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

दुसऱ्यांदा तो डिसेंबरमध्ये बोलला, फॉल-इनमध्ये, सगळ्यांसमोर, पण रीतीनं परवानगी घेऊन. उतारावर पाय ठेवला की बर्फ आतून धप्प वाजतो, म्हणाला. मी ‘नोटेड’ म्हणालो आणि परेड विसर्जित केली.

तिसरी वेळ जानेवारीत. आमचा ऑपरेटर तापानं पडला होता, म्हणून सेटवर संपत बसला. मी त्याच बंकरमध्ये बुटांना ग्रीस लावत होतो. नफरी झाली, रेशन झालं, हवामान झालं. मग कंपनी कमांडर, आमचे मेजरसाहेब, म्हणाले, “मोराल?”

संपतनं बटण दाबलं. मग म्हणाला, “सर, जवान ढलानवाले रास्ते से खुश नहीं हैं. डर बैठ गया है. सोंड से दूसरा रास्ता बनाने की इजाज़त चाहिए. ओव्हर.”

नेटवर चार-पाच सेकंद नुसती खरखर. मग कुठल्यातरी पोस्टच्या ऑपरेटरनं बटण दाबून म्हटलं, “डेल्टा टू को मम्मी की याद आ रही है.” कुणीतरी हसलं.

“नेट क्लिअर रखो,” मेजरसाहेब म्हणाले. “पोस्ट कमांडर को सेट पे दो.”

मी सेट घेतला.

“साहब, आपकी पोस्ट का मोराल नेट पे डिस्कस होगा अब?”

“नो सर.”

“रास्ते में कोई प्रॉब्लेम है?”

“नो सर. सब ठीक है सर.”

“सँभालो.”

हे दोन ‘नो सर’ मी म्हणालो. मेजरसाहेबांनी सरळ प्रश्न विचारला होता. तेव्हा ‘यस सर’ म्हणालो असतो तर त्यांनी ऐकलं असतं, असं मला आज वाटतं. माणूस कडक होता, मूर्ख नव्हता.

दुसऱ्या दिवशी ७.०० वाजता फॉल-इनमध्ये मी संपतला बाहेर काढलं. म्हणालो, “याला उताराची भीती वाटते. अजून कुणाला वाटत असेल तर एक पाऊल पुढे.”

कुणी हललं नाही. हलणार कसं? मी संपतला म्हणालो, “बघ. तू एकटाच आहेस. पोस्टचं मोराल तू पाडलंस. आता तूच वर उचलायचं. आजपासून सात दिवस सिट-रेप तू देणार. मोराल काय?”

तो गप्प.

“मोराल काय, नायक?”

“फर्स्ट क्लास, साहेब.”

“मोठ्यानं.”

त्यानं मोठ्यानं म्हटलं. सात संध्याकाळी तो सेटवर बसला आणि सात संध्याकाळी चारही पोस्टांनी त्याच्या आवाजात ऐकलं, ‘मोराल फर्स्ट क्लास, ओव्हर.’ पहिल्या दिवशी नेटवर हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून कुणी हसलं नाही. ही शिक्षा मला माझ्या डोक्यातून सुचलेली. पाठीवर पिट्ठू लादणं नाही, फेऱ्या नाहीत, सर्व्हिस बुकात नोंद नाही. मला ती फार हुशारीची वाटली होती.

त्यानंतर संपत सुधारला. मी मुद्दाम हाच शब्द लिहितो, कारण तेव्हा मला तसंच वाटलं. दाढी रोज, हत्यार चकचकीत, ड्यूटीवर दोन मिनिटं आधी. सांगितलं की “जी साहेब.” प्रश्न नाही, फाटा नाही. भाकरी थापायला बसायचा, पण गोष्टी बंद. पारनेरच्या पाण्यावरून चिडवणं बंद. मी समजलो, शिस्त लागली.

बाकीचेही सुधारले. जानेवारीच्या शेवटी एका बंकरमधल्या बुखारीचा, म्हणजे शेगडीचा, पाइप गळत होता. धूर आत यायचा. चार जवान तीन दिवस डोकं दुखत असताना तिथेच झोपले. मला चौथ्या दिवशी कळलं, तेही मी स्वतः आत गेलो म्हणून. विचारलं, सांगितलं का नाही? एकजण म्हणाला, “साहेब, चालत होतं.” मी पाइप बदलला आणि विषय सोडून दिला.

मनोबल खचतं म्हणजे माणूस रडतो, पळतो, हुकूम मोडतो, अशी माझी समजूत होती. तेच मला शिकवलं होतं आणि तेच मी भाषणांत सांगत आलो. आमच्याकडे पेपरात रोज कुणाचं ना कुणाचं खच्चीकरण झालेलं असतं. तिकीट कापलं की कार्यकर्त्यांचं खच्चीकरण, बदली झाली की गुरुजींचं. ते निदान ओरडतात तरी. माझ्या पोस्टवर कुणी ओरडलं नाही. एकवीस माणसं हुकमाप्रमाणे वागत होती आणि कुणीही मला काही सांगत नव्हतं. यापेक्षा जास्त खचलेली पोस्ट मी पाहिलेली नाही, आणि तिचा कमांडर मी होतो.

फेब्रुवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी उघडलं. संध्याकाळी मेजरसाहेबांनी नेटवर विचारलं, “डेल्टा टू, लिंक कब खुलेगा? जल्दी नहीं है. ग्राउंड पे आप हो, आप बताओ.”

नव्या बर्फानंतर निदान दोन दिवस त्या उतारावर जायचं नसतं. हे मला माहीत होतं. पण महिनाभर नेटवर आमच्या पोस्टला ‘रोनेवाली पोस्ट’ म्हणत होते. मला ते धुऊन काढायचं होतं.

मी म्हणालो, “कल सुबह सर. ज़ीरो सिक्स हंड्रेड.”

सेटसमोर ऑपरेटर होता. मागे संपत उभा होता. त्यानं ऐकलं. मी त्याला म्हणालो, “उद्या लीडर तू.” तो म्हणाला, “जी साहेब.”

सकाळी सेटची बॅटरी गार पडलेली. ती गरम करण्यात वेळ गेला. पेट्रोल सहाऐवजी ७.४० ला निघालं. उतारावर ऊन साडेआठला यायचं. तेव्हा तरी रद्द करायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं होतं. तीन जण. पुढे संपत. मध्ये सिपाही दिलीप साळवे, श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा, एकोणतीस वर्षांचा, गावी बाप एकटा. मागे सेट घेऊन सिपाही पवार.

८.२४ ला पवारचा आवाज आला. “डेल्टा टू, ढलान पे पहुँचे. लीडर देख रहे हैं. ओव्हर.”

दोन मिनिटं काही नाही. मी विचारलं, “रास्ता कैसा है?”

या वेळी संपतचा आवाज. “ओके साहेब.”

“तो चलते रहो. रुको मत. धूप आ रही है. जल्दी क्रॉस करो सब. ओव्हर.”

“रॉजर.”

८.३१ ला आवाज झाला. मी पोस्टवरून ऐकला. तोफेसारखा नव्हता. जड दार लावल्यासारखा होता.

आम्ही बारा जण धावलो. पवार कडेला उभा होता, नुसता बोट दाखवत होता. फावडी, तंबूच्या काठ्या, हात. दिलीप १०.१० ला मिळाला. श्वास नव्हता. संपत जवळजवळ पलीकडे पोचला होता, म्हणून आम्ही त्याला पलीकडच्या टोकाशी शोधत राहिलो. तो तिथे नव्हता. १३.२५ ला मिळाला, उताराच्या मध्यावर, दिलीप होता त्याच्या वरच्या अंगाला. पवारनं पाहिलं होतं. वर बर्फ सुटला तेव्हा संपतला पुढे दहा पावलं होती. तो मागे वळला, दिलीपकडे.

त्या दिवशी दुपारी पवारनं मला बाकीचं सांगितलं. रडत नव्हता. नुसतं सांगत होता.

उतारापाशी पोचल्यावर संपत थांबला होता. काठी खुपसून पाहिली. वर बैलगाडीएवढी लांब चीर पडलेली त्यानं पवारला दाखवली. पवार म्हणाला, “साहेबांना सांगू का?” संपत म्हणाला, “नको. परत मोराल विचारतील.”

मग म्हणाला, “मी एकटा जातो. मी पलीकडनं हात केल्याशिवाय कुनी पाय ठेवायचा न्हाई.” तो निघाला. अर्ध्याच्या पुढे गेला असेल. सेट पवारच्या पाठीवर होता, मघाशी मी बोललेलं दिलीपनं ऐकलं होतं. दिलीप म्हणाला, “साहेब म्हनत्यात थांबू नका. सगळ्यांनी क्रॉस करा म्हनले.” पवार म्हणाला, थांब जरा. दिलीप म्हणाला, “हुकूम हाय बाबा,” आणि उतारावर गेला.

पवारनं शेवटी विचारलं, “साहेब, इन्क्वायरीत काय सांगू?”

मी म्हणालो, “विचारतील तेवढंच सांग.”

कोर्ट ऑफ इन्क्वायरी रस्ता उघडल्यावर झाली. पवारला विचारलं, लीडरनं चीर रिपोर्ट केली का? नाही. दोघं एकाच वेळी उतारावर होते का? होय. मला विचारलं, पेट्रोल लीडरला नियम माहीत होते का? होय. त्यानं काही धोका कळवला का? नाही, ओके दिला. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ऑक्टोबर सांगितला नाही, डिसेंबर सांगितला नाही. जानेवारीचा सिट-रेप मेजरसाहेबांनाही माहीत होता, पण त्यांना मी तेव्हाच ‘सब ठीक’ सांगितलेलं. निष्कर्ष असा निघाला, की पेट्रोल लीडरच्या निर्णयातली चूक. पेन्शन, बाकी सगळं दोन्ही घरांना मिळालं. पण सुट्टीवर जाणाऱ्या जवानांबरोबर तो निष्कर्षही जिल्ह्यात पोचला.

तिसगाव माझ्या गावापासून काही तासांच्या वाटेवर आहे. मी गेलो नाही. बेलापूर तर मी जिथे नोकरी करतो त्या कारखान्यापासून दुचाकीवर वीस मिनिटं. या नोकरीच्या सात वर्षांत मी त्या गावातून गेलो नाही. जायचं झालं तर लांबून वळसा घालून गेलो.

या गळीत हंगामात एक साधी गोष्ट झाली. आमच्या यार्डाच्या गेटवर दगडू नावाचा वॉचमन आहे, पन्नाशीचा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन उतार चढून गेटपाशी येतात. दगडू रोज रजिस्टरच्या शेऱ्यात लिहायचा, उतारावर ट्रॉली मागे सरते, चाकं अडवायला ओटे बांधा, मागे माणूस उभा करू नका. रोज तेच. नोव्हेंबरात मी त्याला म्हणालो, “दगडू, रोज रडगाणं नको. ऑल ओके लिहीत जा. वर वाचणारे वैतागतात.”

जानेवारीत सहज रजिस्टर चाळलं. दोन महिने, रोज, एकाच अक्षरात : ऑल ओके.

मी गेटवर गेलो. “दगडू, ट्रॉल्या सरत नाहीत का आता?”

“सरत्यात की.”

“मग लिहीत का नाही?”

त्याला खरंच नवल वाटलं होतं. “साहेब, तुमीच म्हनले ना?”

“मधल्या काळात काही झालं?”

“एकाचा पाय वाचला. थोडक्यात.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगून काय करनार, साहेब. आपली नोकरी गुमान करायची.”

मी त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र दिलं, चार दिवस पाठ सोडली नाही, ओटे बांधून घेतले. त्यात शौर्य काही नाही. नोव्हेंबरात करायचं काम होतं. पण त्या चार दिवसांत मला झोप लागली नाही. अकरा वर्षांत मी काही शिकलो नव्हतो. एका चांगल्या माणसाला मी पुन्हा तेच म्हणायला लावलं होतं.

पुढच्या रविवारी मी तिसगावला गेलो.

संपतच्या पत्नी सुनंदाताई पिठाची गिरणी चालवतात. मी नाव सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली, हात पुसले आणि दिराला फोन करून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत काही बोलू नका म्हणाल्या. अशोक, संपतचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवतो. तो दारातच उभा राहिला.

“अकरा वर्सं लागली व्हय साहेब, तिसगाव सापडायला?”

मी म्हणालो, “हो.”

मग मी सांगितलं. जसं वर लिहिलं तसंच, तारखांनी आणि वेळांनी. सात दिवसांची शिक्षाही सांगितली. मी थांबल्यावर सुनंदाताई म्हणाल्या, “त्या दिसांत आठवड्यातून एकदा फोन यायचा, तीन मिनटांचा. आधी मला बोलूच द्यायचे न्हाईत. मग एकदम नुसतं बरं हाय, बरं हाय. मी म्हनायचे, लाइन खराब असंल.” मग म्हणाल्या, “लाइन चांगलीच हुती म्हनायची.”

अशोक आत येऊन खाली बसला. म्हणाला, “मी बेलापूरला गेल्तो, साहेब. त्या वर्षीच. साळवेबाबांच्या पायावर डोकं ठिवलं. म्हनलं, माझ्या भावानं तुमचं पोरगं नेलं, माफ करा. गावात स्मारकाच्या पाटीवर नाव टाकायचं म्हनले, तर मीच नको म्हनलो. कुठल्या तोंडानं टाकायचं?” मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. “माझ्या भावासाठी मी माफी मागितली. समजतंय का तुमाला?”

मी म्हणालो, “समजतंय.”

“न्हाई समजत,” तो म्हणाला.

सुनंदाताई म्हणाल्या, “आमाला सांगून भागत न्हाई. उठा. दोघं बी बेलापूरला जा. आजच.”

आम्ही अशोकच्या टेम्पोनं निघालो. नगर ओलांडलं तेव्हा त्यानं एकदा विचारलं, “त्यो वळला, हे पक्कं?” मी म्हणालो, “पवारनं डोळ्यांनी पाहिलं.” त्यानं पुन्हा विचारलं नाही.

बेलापूरला साळवेबाबा ओसरीवर बाजेवर बसले होते. ऐंशीच्या जवळ असतील. आत भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि शेजारी गणवेशातला दिलीप. अशोकनं “जयभीम, बाबा” म्हटलं. त्यांनी त्याला आवाजावरून ओळखलं. मला बसा म्हणाले. मी म्हणालो, आधी ऐका, मग सांगा बसू का.

मी उभ्यानं सगळं सांगितलं. त्यांनी एकदाच थांबवलं.

“हुकूम तुमचा हुता?”

“माझा.”

“आनि हेंचा भाऊ थांबा म्हनला हुता?”

“हात केल्याशिवाय पाय ठेवू नका म्हणाला होता. नंतर दिलीपसाठी मागे फिरला.”

साळवेबाबा काठी टेकत उठले आणि अशोकसमोर जाऊन उभे राहिले. अशोकही उठला. त्यांनी हात जोडले.

“तुमचं डोकं मी पायावर घेतलं हुतं. घ्यायला नको हुतं.”

अशोक “बाबा, नका” म्हणाला. साळवेबाबांनी त्याला हाताला धरून बाजेवर बसवलं. मला बसा म्हणाले नाहीत. ते बरोबर होतं.

मी माझा जबाब लिहून सही करून पलटणीला पाठवला आहे. पोच आली, उत्तर नाही. जुनी फाइल कोण उघडणार, हे मला तीस वर्षांच्या नोकरीवरून माहीत आहे. तरी दर महिन्याला एक पत्र टाकतो. तिसगावच्या ग्रामपंचायतीलाही एक प्रत दिली. पवारला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, मी साक्ष देतो. कधीची द्यायची होती.”

या फेब्रुवारीत साळवेबाबांनी अशोकला निरोप धाडला, की दोघांचा दिवस एकच आहे, तो दोन घरांत कशाला करायचा. सुनंदाताई, त्यांची मुलगी आणि अशोक बेलापूरला गेले. संपतचा फोटो नेला, दिलीपच्या शेजारी ठेवला. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, मग सगळे तिथेच जेवले. हे मला अशोकनं दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. मला बोलावलं नव्हतं. मी विचारलंही नाही.

नायक संपत नरवडे. सिपाही दिलीप साळवे. एकानं धोका ओळखला होता, दुसऱ्यानं हुकूम पाळला होता. चूक दोघांपैकी कुणाचीच नव्हती.